न विचारलेलं स्वप्न

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण संस्थेचे प्रमुख माननीय बबनरावजी राऊत. ग्रामीण रुग्णालयातली भरलेली ओपीडी उरकून आपल्यासाठी धावत आलेल्या डॉक्टर ऋचाताई. आमचे मुख्याध्यापक आदरणीय धम्मरत्न भगत सर. आज ज्यांच्यासाठी हा मांडव घातला त्या आमच्या सत्कारमूर्ती, मंजुषाताई पांढरीपांडे. माझे सहकारी शिक्षक, शिक्षकेतर बंधुभगिनी, दिग्रस आणि आसपासच्या खेड्यांतून आलेले पालक, आणि खाली सतरंजीवर बसलेल्या माझ्या लाडक्या विद्यार्थ्यांनो!

मी चारुदत्त. या शाळेत मराठी शिकवतो. व्यासपीठावर मी उभा राहिलो की आमचे भगत सर घड्याळ काढून समोर ठेवतात, तसं त्यांनी आत्ताही ठेवलं आहे. सर, ते खिशात ठेवा. आज मला ताईंविषयी बोलायचं आहे आणि ताईंविषयी घाईनं बोलता येत नाही. त्यांनी स्वतः या शाळेत कधी कुठल्या पोराशी घाईनं बोललेलं मी ऐकलं नाही.

ताईंचं पद मोठं भारदस्त होतं. विद्यार्थी आरोग्य व मानसिक स्वास्थ्य समुपदेशक. पोरांच्या तोंडात ते काही बसलं नाही. पोरं म्हणायची, 'खोलीवाल्या बाई'. ती खोली तुम्हाला ठाऊक आहे. पश्चिमेकडची, मागं निंबाचं झाड, खिडकीला फिक्या निळ्या रंगाचा पडदा. भिंतीपलीकडे जिनिंगचा कारखाना. कापसाचा हंगाम असला की दिवसभर जिनिंगची घुंऽऽ अशी घरघर चालू, आणि रुईचे बारीक तंतू हवेवर तरंगत खिडकीतून आत येतात. उन्हाच्या पट्ट्यात ते असे हळूहळू खाली येताना बघत बसलं ना, तर आपण शाळेत आहोत, आपल्याला सातवा तास आहे, हे सगळं विसरायला होतं. मी बसलेलो आहे, म्हणून सांगतो.

त्या खोलीत वजनकाटा होता, उंची मोजायची पट्टी होती, डोळे तपासायचा तक्ता होता, रक्तवाढीच्या लाल गोळ्या होत्या. आणि एक खाट होती. ताईंनी रुजू झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल? भाषण? अजिबात नाही. त्यांनी जाहीर केलं, की या शाळेतल्या कुठल्याही पोराला, कुठल्याही तासाला, कारण न सांगता या खाटेवर येऊन झोपता येईल. बापरे! स्टाफरूममध्ये काय गहजब झाला. शाळा आहे का धर्मशाळा? पोरं सोकावतील! गणिताच्या तासाला वर्ग रिकामा होईल! गणिताच्या सरांनी माझ्याकडे असं रागानं बघू नये, ते तेव्हा हेच म्हणाले होते.

पण पोरं काही सोकावली नाहीत. ज्याला खरंच गरज तोच यायचा. कुणी पहाटे उठून कापूस वेचून आलेलं, कुणाच्या घरी रात्रभर भांडण झालेलं, कुणाच्या पोटात दुखतं म्हणावं तर पोटात काहीच नाही, दुखणं निराळ्याच ठिकाणी. ताई पांघरूण घालायच्या, पडदा ओढायच्या. पोर जागं झालं, गालावर उशीच्या सुरकुत्या घेऊन उठून बसलं, की पाण्याचा पेला पुढं करायच्या आणि एकच विचारायच्या. "काय दिसलं रे?"

श्रोतेहो, मी मराठीचा मास्तर. निबंध लिहा म्हटलं की पोरांची लेखणी अडते. आणि त्या खोलीत काय काय ऐकलं जात होतं! एक पोरगा म्हणाला, बाई, मी शाळेच्या छतावर नांगर चालवत होतो आन् खाली वर्गात मातीच पडून राह्यली होती. एकीनं सांगितलं, पुसदची एसटी नदीतून जात होती आणि मासे दाराशी उभे राहून तिकीट मागत होते. तांड्यावरची आमची जमनी म्हणाली, याडी आली होती, केस विंचरून गेली. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तिची आई ऊसतोडीला लांब गेलेली. जमनी वर्गात कधी त्याविषयी बोलली नव्हती, डोकं दुखतं एवढंच सांगत होती. ताईंनी त्या दिवशी फोन लावून दिला, मायलेकी बोलल्या, आणि डोकेदुखी कुठल्या कुठं पळाली. 'तुला काय होतंय' असं विचारलं की पोरं दार लावून घेतात आणि 'काय दिसलं' विचारलं की बोलू लागतात, असं ताईंचं म्हणणं. आम्हाला ते पटू लागलं होतं.

आता इथं एक गडबड झाली. आणि ती आपल्याच भागात होऊ शकते बरं का!

पोरांनी घरी जाऊन सांगितलं, की शाळेत एक बाई आहेत, त्या झोपवतात आणि काय दिसलं ते विचारतात. मोठ्या माणसांनी त्याचा अर्थ काय काढला? इथं समोर काही मंडळी आत्ताच हसू दाबताहेत, त्यांना कळलं. ज्यांना नाही कळलं त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे मटक्याचा आकडा लावणारे लोक आहेत. नाही म्हणू नका, आहेत. आणि स्वप्नात जे दिसेल त्याचा आकडा ठरलेला असतो अशी त्यांची पक्की समजूत. बैल दिसला तर हा, विहीर दिसली तर तो. झालं! शाळेच्या फाटकाशी माणसं यायला लागली. एक गृहस्थ मलाच म्हणाले, "गुरुजी, त्या बाईले जरासं पुसा ना, मले सपनात पांढरी घोडी दिसली, कोनता लावू?" मी म्हटलं, अहो, त्या समुपदेशक आहेत! ते म्हणाले, "हो ना, म्हनून तं पुसून राह्यलो."

आम्ही खूप हसलो. ताईही हसल्या. आणि त्याच सुमारास नववीतल्या एका मुलीच्या बाबतीत ताईंचं हसू थांबलं.

ती मुलगी प्रियंका. थांबा, आधी एक सांगतो. कुणाच्या लेकराची गोष्ट अशी भर सभेत सांगायची नसते, हे मला ताईंनीच शिकवलं. म्हणून मी काल प्रियंकाला आणि तिचे वडील डोमाजीभाऊ यांना विचारलं. डोमाजीभाऊ जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतात. ते म्हणाले, "सांगा सर, माह्यासारख्या दुसऱ्या बापाले कामी पडन." प्रियंकानं जरा विचार केला आणि म्हणाली, "सर, सगळं सांगा. फक्त माझं स्वप्न सांगू नका." तर ते मी सांगणार नाही. तिच्या गल्लीत ते लहान पोरालाही माहीत आहे, पण माझ्या तोंडून ते येणार नाही.

झालं असं. आरोग्य तपासणीचा दिवस होता. ताई पोरांची नखं बघत होत्या. प्रियंकानं हात पुढं केला आणि तळहात उघडेना. ताईंनी हळूच बोटं सोडवली. मुठीत कापसाचं रिकामं वाळलेलं बोंड. त्याची टोकं किती कडक असतात हे वेचणाऱ्या हातांना सांगायला नको. तळहातावर जुने-नवे ओरखडे. डोळा लागायला आला की ती मूठ आवळायची. टोचलं की जाग यायची. पोरगी जागी राहायची, दिवसा आणि रात्रीही. डोळे आत गेलेले, कागदासारखी पांढरी पडलेली. वर्गात मी कविता म्हणायचो तेव्हा ती माझ्याकडे टक लावून बघायची. मला वाटायचं, काय रसिक मुलगी आहे!

ताईंनी तिला खाटेवर निजवलं, पडदा ओढला. ती निजली, पण डोळे टक्क उघडे. ताई म्हणाल्या, "झोप गं, मी इथंच आहे. उठलीस की मला सांग काय दिसलं ते." पोरगी ताडकन उठून बसली आणि रडायला लागली. अशी रडली, की शेजारच्या वर्गातून मी धावत आलो. ताईंनी मला हातानंच बाहेर जा म्हणून खूण केली. मी दाराशी थांबलो. हुंदके देत ती म्हणाली, "तुमी पन तेच पुसता!"

मग हळूहळू उलगडलं. त्याच्या काही महिने आधी प्रियंकाला एक स्वप्न पडलं होतं. तिनं सकाळी चूल पेटवता पेटवता सहज सांगितलं. डोमाजीभाऊंनी त्यावरून आकडा लावला आणि तो नेमका लागला. घरात गोडधोड झालं, पोरीला नवा ड्रेस आला, पोरगी खूश. पण दुसऱ्या दिवसापासून काय? ती डोळे उघडते न उघडते तोच खाटेशी बाप उभा. "काय दिसलं वं बाई?" मग काका आले. मग शेजारी. मग गल्लीतली बाया-माणसं तोंड धुवायच्या आधी हिच्या दारात. काय दिसलं? काहीच नाही म्हटलं तर, "आठव ना, आठव!" काहीबाही सांगितलं आणि तो आकडा नाही लागला, तर तिच्याकडे असं बघायचे, की जणू हिनं घर बुडवलं. एका शेजारणीनं तर तोंडावर म्हटलं, "आमचं नुसकान केलं पोरीनं." सांगा मला, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीनं कुठं जावं? तिनं तिच्या परीनं उपाय काढला. झोपायचंच नाही. झोप नाही तर स्वप्न नाही, स्वप्न नाही तर कुणी विचारणार नाही.

ताई त्या दिवशी स्टाफरूममध्ये आल्या. मी चहा पुढं केला, तो गार झाला. मग म्हणाल्या, "चारुदत्त सर, मला वाटत होतं हा प्रश्न म्हणजे माझ्या हातातली किल्ली आहे. आणि मी त्या पोरीला तिच्या घरातलाच छळ शाळेत आणून देत होते." मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्यांनी ऐकलं नसावं.

दुसऱ्या दिवसापासून खोलीचा नियम बदलला. उठल्यावर पाणी मिळेल. कुणी काही विचारणार नाही. ज्याला आपणहून सांगायचं त्यानं सांगावं, नाहीतर चपला घालून वर्गात जावं. प्रियंका आधी नुसती बसायची. मग आडवी होऊ लागली. ताई खिडकीशी तिच्याकडे पाठ करून बसत, वळून बघतसुद्धा नसत. आणि एक दिवस, जिनिंगची घरघर चालू असताना, रुईचे तंतू पडद्यावर टेकत असताना, त्या पोरीला झोप लागली. ताई मला बोलवायला आल्या नाहीत. मी दारावरून जाताना मला त्यांची पाठ दिसली, खांदे हलत होते. रडत होत्या हो! आनंदानं माणूस असं चोरून रडतं हे मी तिथं पाहिलं.

इकडे आकड्याची बातमी आपल्या अध्यक्ष महोदयांपर्यंत पोचली होती. बबनरावजी, रागावू नका, आज सांगून टाकतो. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की शाळेत पोरांना झोपवून आकडे काढतात. साहेब कुलूप घेऊनच आले! भर दुपारी, उन्हातून, लालबुंद होऊन. "कुठी हाय ती खोली? आत्ताच्या आत्ता बंद करा!" भगत सर मागे, मी त्यांच्या मागे. ताईंनी काय करावं? दार उघडलं, म्हणाल्या, "या भाऊ, बसा. पाणी घ्या. मग लावा कुलूप." साहेब खाटेवर बसले. पाणी प्याले. पाठ टेकली. आणि मंडळी, शाळा सुटल्याची घंटा झाली तेव्हा त्यांना जाग आली. घोरणं जिनिंगच्या वर ऐकू येत होतं, याला भगत सर साक्षीदार आहेत. उठून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जरा ओशाळले. ताईंनी पेला पुढं केला. बोलल्या काहीच नाहीत. साहेबांनी कुलूप खिशात घातलं आणि म्हणाले, "ताई, ह्या खोलीले आनखी एक खाट लागन." ती दुसरी खाट त्यांनीच दिलेली आहे. त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत!

पण प्रियंकाचं काम तेवढ्यानं झालं नव्हतं. डॉक्टर ऋचाताईंनी तिला तपासलं, रक्त फारच कमी होतं, त्याचं औषध सुरू केलं. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांनाही दाखवून आणलं. सगळे म्हणाले, मुलगी बरी होईल, मात्र घरची माणसं आधी सावरायला हवीत. तेव्हा ताई उठल्या आणि जेवणाच्या सुट्टीत थेट जिनिंगमध्ये गेल्या. मी सोबत. डोमाजीभाऊ कापसाच्या ढिगाला टेकून भाकर खात होते. अंगभर रुई, भुवयासुद्धा पांढऱ्या. ताई त्यांच्यासमोर खाली बसल्या.

डोमाजीभाऊ आधी चिडले. "म्या का मारलं का तिले, मॅडम? उपाशी ठेवलं का? नुसतं पुसलं तं!"

ताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही दिवसभर गाठी उचलता. घरी जाऊन पाठ टेकली, की तिथं कुणी आणखी एक गाठ पाठीवर ठेवली तर?"

डोमाजीभाऊंचा हात भाकरीवर थांबला. मग एवढंच म्हणाले, "काहून सांगितलं नाही तिनं मले?" आणि तोंड फिरवून बसले. त्या दिवशी त्यांनी आकडा सोडला. काकांना, शेजाऱ्यांना दारातूनच परत पाठवलं. एकाशी तर हातघाईवर आले. बापाचं काळीज होतं हो, फक्त त्याला काय चाललंय ते कळत नव्हतं.

मग झोपली का प्रियंका घरी? नाही ना! ताईंनी तिला विचारलं, आता तरी बाबा विचारत नाहीत ना गं? ती म्हणाली, "पुसत नाही, बाई. पन मी उठली का बाबा माह्या तोंडाकडं पाह्यते." डोमाजीभाऊंना सांगितलं, तर ते बिचारे रडकुंडीला आले. "आता पोरीकडं पाहू बी नोको का मी?" प्रेमानं बघत होते ते. पण तिला त्या बघण्यात अजून प्रश्न ऐकू येत होता. गेलं वर्षभर हे असंच आहे. पोरगी थोडीफार डुलकी घेते, जागी होते, पुन्हा बसते. गाढ झोप म्हणावी अशी तिला एकाच ठिकाणी लागते, ताईंच्या खोलीत, ताई पाठ करून बसलेल्या असताना. दुसरीकडे कुठंही नाही, दुसऱ्या कुणासमोर नाही.

आणि आज ताई निवृत्त होत आहेत.

नवीन नेमणूक व्हायची आहे. तोवर खोली उघडी राहील, भगत सरांनी शब्द दिला आहे. पण परवा ताई आवराआवर करताना थबकल्या आणि मला म्हणाल्या, "सर, सगळं जागच्या जागी लावलंय. पण ती माझ्याशिवाय झोपेल का हो?" एवढ्या वर्षांची नोकरी, शेकडो पोरं, आणि जाताना त्यांच्या मनात ही एक पोरगी अडकली आहे. मी हो म्हणालो. ताई, खरं सांगतो, मी तुमचं मन राखायला हो म्हणालो. मला कुठं ठाऊक होतं?

मी आज फार मोठमोठ्या गोष्टी बोलणार होतो. प्रत्येक शाळेत अशी खोली असावी, शाळेतल्या पोरांच्या मनाचं आरोग्य हा कागदावरचा विषय राहू नये, डॉक्टर ऋचाताईंसारखी माणसं वर्षातून एकदा नव्हे तर वरचेवर शाळेत यावीत. हे सगळं मी मनात घोळवून आलो होतो, आणि तुमच्याकडे बघत बघत एकेक मुद्दा...

एक मिनिट.

ऑपरेटर भाऊ, माइकचा आवाज जरा कमी करता का? आणखी कमी. हां, बास.

मंडळी, मी आता हळू बोलणार आहे आणि तुम्हीही मागे वळून बघू नका. मुलांनो, तुम्ही तर अजिबात नाही. ताई, तुम्ही तेवढं बघा. उठू नका, बसल्या जागेवरून बघा. खांबाजवळ, पालकांच्या रांगेत.

प्रियंकाला झोप लागली आहे.

डोमाजीभाऊंच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली आहे. एवढ्या माणसांत, एवढ्या उजेडात. आणि डोमाजीभाऊ ताठ बसलेत, जराही हलत नाहीत. हात अवघडला असेल त्यांचा. डोळ्यांतून पाणी वाहतंय, तेसुद्धा पुसत नाहीत. आणि ते समोर बघताहेत, ताई. तिच्या तोंडाकडे नाही. समोर.

तेव्हा माझं बोलणं मी इथंच आवरतो. वक्त्यानं शेवटी म्हणायचं असतं, की भाषण लांबलं, रटाळ झालं, कुणाला झोप आली असेल तर माफ करा. आज मी ती माफी मागणार नाही. आयुष्यभर बोलत आलो, माझ्या बोलण्याचा इतका चांगला उपयोग कधी झाला नव्हता. मधे माझा आवाज चढला, बबनरावजींची थट्टा केली, तेवढं मात्र मोठ्या मनानं पोटात घाला. अध्यक्षांचे, डॉक्टरांचे, भगत सरांचे, आपणा सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचे कसे मानायचे ते मला येत नाही.

टाळ्या नकोत. सत्काराची शाल भगत सर सावकाश घालतील. ती उठली की कुणी तिला काही विचारायचं नाही. आणि जाताना कृपा करून खुर्च्या ओढू नका, उचलून ठेवा.